मनगटावरचा हिशेब

मालवण-तारकर्लीला जाऊन ‘स्कूबा’ करून आलेले वाचक आता पुष्कळ असतील. प्रशिक्षक पाठीमागून धरून असतो, काही मीटर पाण्यात आपण मासे बघतो, फोटो काढून घेतो आणि वर येतो. त्या बुडीत आपल्या मनगटावर काही नसले तरी चालते. काही बिनसले तर प्रशिक्षक सावकाश वर घेऊन येतो, कारण वर जाण्याचा रस्ता मोकळा असतो. गुहेतल्या डायव्हिंगमध्ये नेमका हा रस्ता बंद असतो. डोक्यावर दगड असतो आणि बाहेर पडायचे तर ज्या वाटेने आत आलो त्याच वाटेने, दोरी धरून, तितकेच अंतर परत पोहावे लागते. खुल्या समुद्रातल्या खोल, म्हणजे ‘टेक्निकल’ म्हणवल्या जाणाऱ्या बुडीत दगड नसतो, पण तिथेही एक अदृश्य छत असते. शरीरात वायू इतका साठलेला असतो की थेट वर आलात तर पृष्ठभागावर पोचाल, पण धडधाकट पोचाल याची खात्री नाही. खोल गुहेत ही दोन्ही छते एकावर एक येतात.

दुसऱ्या छताचा हिशेब ठेवणारे यंत्र म्हणजे मनगटी डाइव्ह कॉम्प्युटर. माझा ह्यूस्टनला राहणारा पुतण्या फ्लोरिडात गुहा-डायव्हिंगचे शिक्षण घेणार आहे. त्याने फोनवर विचारले, ‘‘काका, बाकी सगळं सोड, कुठला घेऊ तेवढं सांग.’’ मी पेशाने इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. कारखान्यांतली दाबमापके जुळवण्यात उमेद गेली आणि गुहांचा नाद उशिरा, मेक्सिकोत युकातानच्या सेनोटींमध्ये लागला. त्याला मी नाव सांगितले, पण नाव सांगून प्रश्न सुटत नाही. यंत्र काय मोजते आणि काय गृहीत धरते, हे कळल्याशिवाय निवड कशाची करायची?

मोजण्यापुरते बोलायचे तर ते फारच थोडे मोजते. एक दाबाचा संवेदक, एक घड्याळ, झालेच तर तापमान. दर दहा मीटर पाण्यामागे दाब सुमारे एक बारने वाढतो. म्हणजे ३० मीटरवर आपण चार बार दाबाची हवा श्वासात घेतो आणि तिच्यातला नायट्रोजन रक्तावाटे ऊतींत विरघळतो. तो किती विरघळला हे तुमच्या रक्तात डोकावून सांगणारे कोणतेही यंत्र मनगटावर नाही. पडद्यावर थांब्याची खोली आणि मिनिटे दिसतात ती एका गणिती प्रतिकृतीची असतात, तुमच्या शरीराची नव्हेत. कॉम्प्युटर निवडणे म्हणजे कुणाच्या अंदाजावर आपले सांधे आणि मज्जारज्जू सोपवायचा ते ठरवणे.

हा अंदाज जुना आहे. पुलांचे पाये खणणारे कामगार दाबलेल्या हवेच्या पेटीतून बाहेर आले की सांधेदुखीने वाकत, काही लुळे पडत, काही मरत. ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच आजाराने अधू झाला. फ्रान्सच्या पॉल बेर याने १८७८ च्या ग्रंथात कारण मांडले, की दाब झपाट्याने उतरला की विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. त्यावर उतारा शोधला जॉन स्कॉट हॉल्डेन याने. ब्रिटिश नौदलासाठी त्याने शेळ्यांना दाबाच्या टाकीत ठेवले. बाहेर काढल्यावर कुठली शेळी पाय उचलून धरते हे पाहत पाहत १९०८ साली बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह त्याने आपला निबंध प्रसिद्ध केला. दहा मीटरवर कितीही वेळ राहिलेला पाणबुड्या सरळ वर आला तरी त्याला काही होत नाही, म्हणजे दाब निम्मा होणे शरीराला चालते, हे त्याचे मूळ निरीक्षण. दुसरे असे, की सगळे शरीर एका वेगाने वायू घेत नाही. पावसाळ्यात पापड तासाभरात सादळतो, गव्हाच्या पोत्याला आठवडे लागतात. हॉल्डेनने शरीराचे असे पाच काल्पनिक कप्पे कल्पिले. सर्वांत चपळ कप्पा पाच मिनिटांत अर्धा भरतो, सर्वांत मंद पंचाहत्तर मिनिटांत.

‘काल्पनिक’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. हे कप्पे म्हणजे मेंदू, स्नायू, चरबी असे अवयव नव्हेत, ती निव्वळ समीकरणे आहेत. आजच्या बहुतेक टेक्निकल कॉम्प्युटरांत चालते ती झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान याची प्रतिकृती, आणि तिच्यात असे सोळा कप्पे आहेत. ब्यूलमान डॉक्टर होता आणि स्वित्झर्लंडमधली उंचावरची सरोवरे त्याच्या अभ्यासात होती, त्यामुळे हवेचा दाब कमी असलेल्या ठिकाणच्या बुड्याही त्याच्या गणितात बसतात.

एक उदाहरण घेऊ. पृष्ठभागावर असताना आपल्या ऊतींत नायट्रोजनचा दाब सुमारे पाऊण बार असतो. ३० मीटरवर साधी हवा घेतली तर फुप्फुसात तो तीन बारच्या थोडा वर जातो. पाच मिनिटांचा कप्पा या दोहोंतली निम्मी तफावत पहिल्या पाच मिनिटांत भरून काढतो, पुढच्या पाचांत उरलेल्याची निम्मी आणि अर्ध्या तासात जवळजवळ सगळी. सर्वांत मंद कप्प्याचा अर्धकाल मात्र ६३५ मिनिटे आहे, म्हणजे साडेदहा तासांहून अधिक. वर येताना कोणी किती जास्तीचा वायू सोसायचा याचीही मर्यादा प्रत्येकाला वेगळी. पृष्ठभागावर पोचताना पाच मिनिटांच्या कप्प्याला सुमारे २.९६ बार चालतात, सर्वांत मंदाला केवळ १.२७. खोल आणि थोडक्या बुडीत चपळ कप्पे थांबे ठरवतात, तर उथळ आणि लांब बुडीत मंद कप्पे. युकातानच्या पुष्कळ गुहा दहा-पंधरा मीटरच्या आहेत आणि तिथे दोन-तीन तास सहज जातात. फ्लोरिडात जिनी स्प्रिंग्जसारख्या ठिकाणी साधारण ३० मीटरवर, समोरून येणाऱ्या प्रवाहाशी झगडत आत जावे लागते. दोन्हीकडे कॉम्प्युटर तोच, पण त्याच्या पोटातले वेगळे कप्पे कामाला लागलेले असतात.

आता निवडीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या मर्यादा म्हणजे भिंत नव्हे. तिच्या अलीकडेही माणसे आजारी पडली आहेत. म्हणून एरिक बेकर या अमेरिकन अभियंत्याने नव्वदच्या दशकात एक सोपी युक्ती काढली, तिला ‘ग्रेडियंट फॅक्टर’ म्हणतात. आपल्याला मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचे ते आपणच ठरवायचे. ३०/७० असे दोन आकडे भरले तर पहिला पहिल्या थांब्याची खोली ठरवतो आणि दुसरा पाण्याबाहेर येतानाची मर्यादा. वरच्या उदाहरणातला पाच मिनिटांचा कप्पा एक बारपासून २.९६ पर्यंत जाऊ शकत होता. ७० टक्के म्हटले की तो २.३७ लाच अडतो आणि तुम्हाला आणखी काही मिनिटे पाण्यात उभे करतो. हौशी डायव्हरांसाठीच्या कित्येक कॉम्प्युटरांत हे आकडे दिसत नाहीत. तिथे ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘कडक’ अशी बटणे असतात आणि आतले गणित कंपनीपाशी राहते. ४० मीटरच्या आतल्या, थांबे नसलेल्या बुडीला ते ठीक आहे. ज्या बुडीत तासभर थांबे आहेत तिथे मला आकडा दिसायला हवा आणि तो मला बदलता यायला हवा. माझ्या लेखी ही पहिली अट, आणि ती पुरी न करणारे यंत्र कितीही देखणे असले तरी बाद.

आकडा बदलता येण्याचे मोल एका प्रयोगाने दाखवून दिले. १९९० नंतर बरीच वर्षे टेक्निकल डायव्हरांत खोल थांब्यांची टूम होती. बुडबुडा जन्मतो तो खोलवरच, मग तिथेच थांबून त्याला दाबून टाकावे, हा त्यामागचा विचार. ऐकायला तो इतका पटण्याजोगा होता की तो विचारणारे यंत्रही निघाले आणि पहिला ग्रेडियंट फॅक्टर १०-२० वर ठेवणारे लोकही. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राने ते तपासले. सुमारे ५२ मीटर, ३० मिनिटे, श्वासाला साधी हवा. थांब्यांची एकूण मिनिटे दोन्ही गटांत तितकीच, फक्त एकात ती खोलवर वाटलेली आणि दुसऱ्यात उथळ. सुमारे ३९० बुड्यांनंतर खोल थांब्यांच्या गटात आजाराचे प्रमाण तिपटीहून अधिक निघाले. २०११ मध्ये हा अहवाल आला. खोल थांब्यावर चपळ कप्पे सुटकेचा श्वास टाकतात हे खरे, पण तेवढ्या वेळात मंद कप्पे भरतच राहतात. प्रयोग हवेवरचा आणि एकाच खोलीचा होता, हेलियमच्या मिश्रणाला तो जसाच्या तसा लावता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरी या अहवालाचे प्रमुख लेखक डेव्हिड डूलेट स्वतः गुहांत खोल जाणारे डायव्हर आहेत, त्यामुळे ‘प्रयोगशाळेतल्यांना काय कळतंय’ म्हणण्याची सोय उरली नाही. आज अनेक जाणकार पहिला आकडा ४०, ५० किंवा त्याहून वर ठेवतात. मी ५०/७० वापरतो. तो माझ्या वयाचा आणि माझ्या शरीराचा आकडा, कुणी उचलून घ्यावा असा नव्हे. ज्यांच्या कॉम्प्युटरात गणित कुलूपबंद होते, त्यांना मात्र या अहवालानंतर काही करायचे म्हटले तर नवे यंत्र घ्यावे लागले.

इथपर्यंतचे सगळे खुल्या समुद्रालाही लागू आहे. गुहेत एक गोष्ट निराळी होते, आणि जाहिरातींत तिचा उल्लेख मी पाहिलेला नाही. टेक्निकल कॉम्प्युटर पडद्यावर ‘पृष्ठभागापर्यंतचा वेळ’ दाखवतो. या क्षणी वर निघालो तर थांब्यांसकट किती मिनिटे लागतील, ते. ‘या क्षणी वर’ याचा अर्थ सरळ वर. कॉम्प्युटरला छत माहीत नाही. समजा ३० मीटर खोलीच्या बोगद्यात तुम्ही ९०० मीटर आत आहात आणि मिनिटाला १५ मीटर पोहता. म्हणजे तोंडाशी पोचायला एक तास. त्या तासात तुम्ही ३० मीटरवरच असता, ऊती भरतच असतात आणि थांबे वाढतच असतात. परत फिरण्याच्या जागी पडद्यावर दिसणारा आकडा हा तास धरत नाही आणि या तासामुळे वाढणारे थांबेही धरत नाही. गुहेच्या तोंडाशी पोचल्यावर तो आकडा मोठा झालेला असतो, आणि त्याला लागणारा वायू तुम्ही तासाभरापूर्वीच बाजूला ठेवलेला असायला हवा. आहे त्या खोलीवर आणखी पाच मिनिटे राहिलो तर एकूण वेळ किती होईल, हे दाखवणारी एक ओळ काही कॉम्प्युटरांत असते. ती मला फार उपयोगी वाटते. पाच मिनिटांमागे थांबे कितीने वाढताहेत हे कळले की परतीच्या तासाचा ढोबळ हिशेब डोक्यात करता येतो. तरी खरा हिशेब कोरड्या जमिनीवर, घरच्या कॉम्प्युटरवर, बुडीच्या आधीच व्हायला हवा. शेक एक्सली याने १९७९ च्या आपल्या छोट्या पुस्तकात गुहांतल्या मृत्यूंची छाननी करून नियम काढले. बाहेरपर्यंत अखंड दोरी हवी, आणि दोन-तृतीयांश वायू परतीसाठी राखलेला हवा. तेव्हा मनगटी कॉम्प्युटर नव्हते आणि आज आहेत म्हणून त्यातला एकही नियम सैल झालेला नाही.

दुसरी गोष्ट वायूंच्या यादीची. खोलवर नायट्रोजन गुंगी आणतो, म्हणून त्यातला काही काढून हेलियम घालतात. ६० मीटरसाठी १८ टक्के ऑक्सिजन आणि ४५ टक्के हेलियम हे सरावातले मिश्रण. वर येताना २१ मीटरपासून ५० टक्के ऑक्सिजन आणि शेवटी ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजन घेतात, म्हणजे नायट्रोजन लवकर निघतो. हाच शुद्ध ऑक्सिजन खोलवर चुकून तोंडात घेतला तर झटके येऊन माणूस बुडू शकतो. हे सगळे वायू कॉम्प्युटरात आधी भरून ठेवायचे आणि प्रत्येक बदलाला बटण दाबून त्याला सांगायचे, कारण तुम्ही कुठल्या नळकांड्यातून श्वास घेताय हे त्याला आपोआप कळत नाही. यादीत असलेले सगळे वायू तुम्हाला वेळेवर मिळणार, असे तो धरून चालतो. मागच्या महिन्याच्या बुडीतला ऑक्सिजन यादीत तसाच राहिला आणि आज तो बरोबर नाही, तर तो सांगतो ती थांब्यांची मिनिटे बेतापेक्षा कमी असतात. म्हणून पाण्याखाली, अंधारात, दोन बोटांनी एखादा वायू बंद-चालू करणे किती सोपे आहे, हे दुकानात उभ्या उभ्या करून पाहावे.

यंत्राचे गृहीतक चुकले तर काय होते याची एक नोंदलेली घटना आहे. १९९५ साली बनलेले ‘अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स’ हे कॉम्प्युटर २००३ मध्ये अमेरिकेत परत मागवले गेले. दोन बुड्यांच्या मधे माणूस काठावर बसून साधी हवा घेतो, पण हे यंत्र तो अजून जादा ऑक्सिजनचे मिश्रणच घेतोय असे धरत होते. त्यामुळे नायट्रोजन प्रत्यक्षापेक्षा लवकर निघून गेल्याचा त्याचा समज होई आणि पुढच्या बुडीला ते जास्त वेळ देई. पडद्यावर यातले काहीच दिसत नव्हते. आज हाइन्रिक्स वाइकांप या जर्मन कंपनीच्या ओएसटीसी यंत्राची आज्ञावली कोणालाही वाचता येते. ती वाचणारे मूठभर असतील, पण मूठभर पुरतात.

तिसरी गोष्ट शिक्षेची. हौशी डायव्हरांसाठीचे बरेच कॉम्प्युटर एखादा थांबा चुकला की रुसतात. २४ किंवा ४८ तास ते हिशेब देत नाहीत, फक्त खोली आणि वेळ दाखवतात. नवशिक्याने लगेच दुसरी बुडी मारू नये, हा त्यातला हेतू चांगला. गुहेत मात्र कधी सोबत्याचा वायू संपत आलेला असतो आणि एक थांबा जाणूनबुजून सोडून पुढे जावे लागते. त्या वेळी मला हवा असतो तो आता उरलेल्या मार्गाचा हिशेब. अबोला धरणारे यंत्र तिथे काय कामाचे? शिअरवॉटर ही कॅनडातली कंपनी गुहावाल्यांत रुजली त्याचे एक कारण हेच आहे. तिची यंत्रे चुकलेला थांबा लाल अक्षरात दाखवत राहतात आणि आहे त्या स्थितीपासून पुढचे गणित करत राहतात.

उरलेले थोडक्यात. पडदा असा हवा की गाळ उठला तरी मुखवट्याला टेकवून वाचता यावा. २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेतून मुलांना बाहेर काढले ते अनेकांना आठवत असेल. पाण्याच्या उपशासाठी पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिकडे गेले होते. त्या पाण्याची मुख्य अडचण खोली नव्हती, गढूळपणा होता. अशा पाण्यात स्वयंप्रकाशी, मोठ्या अक्षरांचा पडदाच चालतो, आणि चाळिशी लागलेल्यांनी तर घड्याळाएवढ्या देखण्या यंत्राचा मोह आवरावा. मला पर्डिक्स किंवा पेट्रेलसारखा बोजड चौकोन बरा वाटतो. त्यात साधा पेन्सिल सेल चालतो, जो कुठल्याही खेड्यातल्या दुकानात मिळतो. टेरिक किंवा गार्मिनचे डिसेंट यांना चार्जर लागतो, आणि रात्री वीज गेली तर सकाळची बुडी गेली. पट्ट्याऐवजी रबरी दोरीचे दोन स्वतंत्र फास घालावेत, म्हणजे एक तुटला तरी यंत्र हातावर राहते. बिनतारी वायुमापक हवा तर घ्यावा, पण नळीला लावलेला काट्याचा दाबमापक काढू नये. चांगले यंत्र हजार डॉलरच्या आगेमागे पडते.

आणि ते एक घेऊन भागत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बूसमान्सगाट या समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवरच्या पाणगुहेत जानेवारी २००५ मध्ये डेव्ह शॉ हा डायव्हर २७० मीटरवर मरण पावला. त्याच्यामागे उतरलेल्या डॉन शर्ली याच्या रिब्रीदरचा हातावरचा नियंत्रक दोनशे मीटरहून अधिक खोलीवर दाबाने निकामी झाला. ऑक्सिजन हाताने सोडत, मग राखीव नळकांड्यांवर येत तो कित्येक तासांनी वर पोचला आणि वाचला, कारण काय करायचे ते त्या यंत्राबाहेरही कुठेतरी होते. दुसरा कॉम्प्युटर शक्यतो त्याच प्रतिकृतीचा घ्यावा आणि दोन्हींत तेच ग्रेडियंट फॅक्टर व तीच वायूंची यादी भरावी. भिन्न गणिताची दोन यंत्रे घेतली तर ती पाण्याखाली भांडतात आणि न्याय आपल्याला करावा लागतो. समान गणिताची यंत्रे वेगळे आकडे दाखवू लागली तर वायू पुरेसा असेतो जास्त थांबा सांगणाऱ्याचे ऐकावे, आणि घरी आल्यावर दोन्हींचे दाबसंवेदक तपासून घ्यावेत. याशिवाय प्लॅस्टिकची एक पाटी मांडीच्या खिशात असावी. तिच्यावर आदल्या रात्री शिसपेन्सिलीने लिहायचे ते तीन तक्ते, एक ठरलेल्या बुडीचा, एक पाच मिनिटे उशीर झाला तर आणि एक ऑक्सिजनचे नळकांडे हरवले तर. पेन्सिल शिशाचीच हवी, बॉलपेन ओल्या पाटीवर चालत नाही.